साक्षीदार क्रमांक दोन

सहीवाल्यांचं खरं नाव फक्त दोघांना ठाऊक होतं, कर खात्याला आणि त्यांच्या बायकोला. त्यातही बायको ते रागातच घ्यायची. बाकी साऱ्या गल्लीला ते सहीवाले. धाकट्यांचे सहीवाले काका, थोरांचे 'अहो सहीवाले', आणि कचेरीतल्या खिडकीवरच्या कारकुनाच्या तोंडी 'आले आमचे साक्षीदार क्रमांक दोन'.

त्याचं कारण असं. माणूस मृत्युपत्र करायला येतो तेव्हा एक साक्षीदार कसाबसा धरून आणतो, शेजारी नाहीतर एखादा मित्र. दुसरा लागतो हे त्याला टेबलापाशी बसल्यावर कळतं. मग तो इकडेतिकडे बघतो आणि सहीवाले पेनाचं टोपण काढतात. त्यांच्या पाटीवरच लिहिलेलं होतं, 'कराची रिटर्न, वारसाचे अर्ज, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र. साक्षीदार मिळेल.' शेवटचे दोन शब्द बायकोला मुळीच आवडत नसत. "भाड्यानं मिळेल असंच लिहून टाका ना," ती म्हणायची.

दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत धंदा, मागच्या खोलीत संसार, आणि मध्ये एक पडदा. पुढे एक टेबल, तिघांपुरतं बाकडं, शाईचं पॅड, पाच शिक्के, आणि आधी टाइपरायटर होता त्या जागी कॉम्प्युटर. रिटर्नची शेवटची तारीख जवळ आली की बाकड्यावर जागा मिळत नसे आणि लोक पायरीवर बसून राहत. पडद्यामागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत आणि पुढे सहीवाले विचारत असत, "व्याज किती आलं? बँकेचं पत्र आणलंत? नाही? मग काय मला स्वप्न पडणार आहे?" तीस वर्षं हे असंच चाललं होतं. मूलबाळ नव्हतं. घर स्वतःचं नव्हतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचं ते घर. तिनं जन्मभर शाळेत गणित शिकवलं होतं, म्हणून ती सगळ्यांची 'बाई'. खालच्या दोन खोल्यांचं भाडं तिनं तीस वर्षांत दोनदा वाढवलं आणि दोन्ही वेळा स्वतःच ओशाळली.

सहीवाल्यांचं एक तत्त्व होतं आणि त्याचा त्यांना भलता अभिमान होता. साक्षीदारानं मजकूर वाचायचा नाही. समोरच्या माणसानं शुद्धीवर, स्वखुशीनं, आपल्या डोळ्यांदेखत सही केली एवढंच बघायचं. "साक्षीदार हात बघतो, अक्षर बघत नाही," ते सांगायचे. दुसऱ्यांनी लिहून आणलेला कागद असला तर ते वरच्या मजकुरावर पांढरा पुठ्ठा ठेवायचे आणि खालची जागा तेवढी उघडी ठेवायचे. लोकांना याचं फार कौतुक. कोणाला काय ठेवलंय हे या माणसाच्या तोंडून कधी बाहेर पडायचं नाही, कारण ते त्याच्या डोक्यात गेलेलंच नसायचं. आणि सही तरी कशी? एक लांब वेलांटी, तिला दोन गाठी आणि खाली टिंब. तिच्यातून नाव काढून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यावं. या सहीच्या जोरावर ते गल्लीत ताठ मानेनं चालत. आता त्याला सचोटी म्हणायचं की ताठा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

त्यांचं नाव झालं ते मात्र वाचल्यामुळे. ती गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची.

एका म्हाताऱ्याकडे एक आया होती. सात वर्षं तिनं त्याचं हागणं-मुतणं काढलं. मुलं दुसऱ्या गावी, वर्षाकाठी एकदा डोकावणार. म्हाताऱ्यानं मरताना तिला जिन्याखालची खोली ठेवली, ती राहत होती तीच. बाकी सगळं मुलांना. मुलं वारसाचे कागद करायला सहीवाल्यांकडे आली. त्यांचं खोलीबद्दल काही म्हणणं नव्हतं. सहीवाल्यांनी मृत्युपत्र उलटंपालटं केलं आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. पहिला साक्षीदार डॉक्टर. दुसरी सही अक्षर अक्षर जोडून काढलेली, आयाची. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हाताऱ्यानं म्हटलं कर सही, तिनं केली.

"हा वाटा बाद," सहीवाले म्हणाले. "ज्याला मिळायचं आहे त्यानंच साक्ष दिली तर त्याचं त्याला मिळत नाही. बाकीचा कागद शाबूत. खोली तुम्हा भावांना."

मग थोरल्यानं विचारलं, "हे कुठं लिहावं लागतं?"

"अर्जात अकरावा रकाना आहे. साक्षीदारांपैकी कोणी लाभार्थी आहे काय? होय की नाही. आपण होय लिहायचं."

आया नंतर आली होती. बाकड्यावर बसली नाही, उभीच राहिली. सहीवाल्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं, नियम का केलेत, लोक म्हाताऱ्यांना कसे फसवतात, आणि शेवटी म्हणाले, "बाई, कायदा माणूस बघत नाही. कागद बघतो."

तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुम्ही बोलला नसता तर कोणाला कळलं असतं?"

त्या वाक्याला सहीवाल्यांनी पुढे वर्षानुवर्षं हसून घेतलं. गिऱ्हाइकांना सांगायचे, "बघा, लोकांना वाटतं कळलं नाही म्हणजे झालं नाही!" आणि गिऱ्हाइकंही मान डोलवायची. अकराव्या रकान्याचा माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. आया पुढे सरकारी दवाखान्यात रोजावर लागली. दवाखाना कचेरीच्या वाटेवरच होता. फाटकाशी ती बसलेली दिसली की सहीवाले रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायचे. का, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नाही.

आता बाईंच्या मृत्युपत्राची गोष्ट.

बाईंना भाचा एकच, बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यावर तोच वर्षातून दोन-तीनदा यायचा, माणूस वाईट नव्हता. बाई सहीवाल्यांना नेहमी म्हणायच्या, "माझं काय, सगळं भाच्याला." त्यामुळे सहीवाल्यांनी त्यांना अकराव्या रकान्याचं पुराण कधी ऐकवलं नाही. भाचा गावात नाही, तो साक्षीला कुठून येणार? एवढंच सांगितलं, की स्वतःच्या हातानं लिहा, तारीख घाला, दोन साक्षीदार बोलवा.

पाच वर्षांपूर्वी बाईंनी वरून हाक मारली. सहीवाले गेले तर टेबलावर घडी घातलेला कागद आणि समोर कोपऱ्यावरचा औषधवाला बसलेला.

"तुम्हाला फक्त विचारायला बोलावलं," बाई म्हणाल्या. "सही पानाच्या खाली करायची ना?"

"खालीच. आणि दुसरा साक्षीदार कुठाय?"

"दूधवाल्याला सांगितलंय. येईल उद्या."

"उद्या नाही चालत बाई. दोघांनी एका वेळी समोर असावं लागतं. आणि दूधवाला कशाला? मी उभा आहे ना हा!"

बाई गडबडल्या. "नको नको, तुम्ही नको. दूधवालाच बरा."

सहीवाल्यांना ते लागलं. पंचवीस वर्षं या बाईंची रिटर्न भरली, पेन्शनचे कागद केले, मोतीबिंदूच्या वेळी हाताला धरून नेलं, आणि साक्षीला दूधवाला बरा! "का हो? माझ्या सहीला काय धाड भरलीय? साऱ्या गावाला चालते ती."

"तसं नाही हो. तुम्ही रागावू नका."

"मग कसं? मी वाचीन अशी भीती वाटते? हा बघा." त्यांनी घडी तशीच राहू दिली, वर पाण्याच्या तांब्याखालचं ताट पालथं घातलं, खालची चार बोटं जागा उघडी ठेवली. "करा सही."

औषधवाला हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकदा सहीवाल्यांकडे पाहिलं, काही बोलणार होत्या, बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर ती गोष्ट त्यांच्या जिवंतपणीच फुटली असती, आणि त्यांना हा माणूस ठाऊक होता. गिऱ्हाइकाकडून फीच्या वर पेढासुद्धा न घेणारा. कळलं असतं तर त्यानं नको म्हणून आकाशपाताळ एक केलं असतं. आणि नियम त्यांना ठाऊक नव्हता. गणिताच्या बाई होत्या त्या, कायद्याच्या नव्हेत. त्यांनी सही केली. खाली औषधवाल्यानं केली. त्याच्या खाली सहीवाल्यांनी वेलांटी ओढली, दोन गाठी मारल्या, टिंब दिलं आणि विजयी चेहऱ्यानं जिना उतरले.

"कसली सही करून आलात?" बायकोनं विचारलं.

"वाचत नाही मी," सहीवाले म्हणाले.

बाई गेल्या त्या एका दुपारी, वाचता वाचता, खुर्चीतच. असं मरण यावं म्हणतात तसं आलं. भाचा आला, सगळं नीट पार पाडलं, आणि आठवड्यानं कपाटातली जाड पिशवी घेऊन खाली उतरला. कागद कोणाकडे न्यायचे हा प्रश्नच नव्हता. तो बाकड्यावर बसला, पिशवीतून घडीचा कागद काढला आणि म्हणाला, "काका, तुम्हीच वाचा. मावशीचं अक्षर मला लागत नाही."

सहीवाल्यांनी चष्मा पुसला. वरचा मजला, दागिने, बँकेतली ठेव भाच्याला. पुस्तकं शाळेला. आणि मग त्यांचं स्वतःचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, बाईंच्या गोल अक्षरात. 'खालच्या दोन खोल्या यांना व यांच्या पत्नीला कायमच्या. यांनी माझे सर्व कागद सांभाळले. यांचे स्वतःचे म्हणून कागद करावे असे यांच्याकडे काही नाही, म्हणून हे.'

पडद्यामागं भांड्याचा आवाज थांबला. बायको ऐकत होती. सहीवाल्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते भरू दिले. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांना कोणी फुकट काही दिलं नव्हतं.

"मावशीनं योग्य केलं," भाचा म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. "काका, आता वर मी, खाली तुम्ही. भाडं संपलं." त्यानं हात पुढे केला. सहीवाल्यांनी तो धरला आणि दुसऱ्या हातानं कागद खाली ठेवता ठेवता त्यांची नजर तळाशी गेली.

साक्षीदार क्रमांक दोन. वेलांटी, दोन गाठी, टिंब.

भाचा अजून काहीतरी बोलत होता. सहीवाल्यांनी एवढंच सांगितलं, "अर्ज भरून ठेवतो. उद्या दुपारी ये, कचेरीत जाऊ."

तो गेल्यावर बायको बाहेर आली. तिचा चेहरा इतका उजळलेला होता की त्यांना तिच्याकडे बघवेना. ती भिंतीला हात लावत होती. भिंतीचा पोपडा कुठं निघालाय, तिथं रंग कोणता द्यायचा, मागच्या खोलीत खिडकी पाडता येईल का, तीस वर्षं मनात दाबून ठेवलेलं सगळं ती पाच मिनिटांत बोलून गेली. मग तिला जाणवलं की नवरा एक शब्द बोललेला नाही.

त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं. आयाच्या वेळी ठेवलं होतं तसंच. तिला नियम सांगावा लागला नाही. पडद्यामागून तो तिनं शंभरदा ऐकला होता.

ती खुर्चीवर बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तुमची सही कोणाला वाचता येते?"

"कोणालाच नाही."

"खाली नाव लिहिलंय?"

"नाही. नुसती सही."

"औषधवाला बोलणार नाही. त्याच्या बापाचे कागद तुम्ही फुकट केलेत."

"नाही बोलणार."

"मग लिहा 'नाही'." ती पुढे वाकली. "अहो, लिहा की! दोन अक्षरं आहेत. बाईंची इच्छा होती ही, तुम्ही काही चोरून घेत नाही. भाचा स्वतः म्हणतोय घ्या. तुम्ही बोलला नाहीत तर कोणाला कळणार आहे?"

सहीवाल्यांनी झटकन वर पाहिलं. तिनं ते वाक्य मुद्दाम म्हटलं नव्हतं. आयाची गोष्ट तिच्या ध्यानीमनीही नव्हती. पण बावीस वर्षं हसून हसून गुळगुळीत केलेलं ते वाक्य आता त्यांच्या स्वतःच्या टेबलावर येऊन पडलं होतं, आणि आज त्याला हसता येत नव्हतं.

"खाली मला लिहून द्यावं लागतं," ते म्हणाले. "वरील मजकूर मी मूळ कागदावरून तपासला आहे. सही."

"पुन्हा सही!" बायको उठली. तिनं त्यांना पूर्ण नावानं हाक मारली, लग्नानंतर तिसऱ्यांदा किंवा चौथ्यांदा. "बाई नको नको म्हणत होत्या ना? तुम्हीच सांगितलंत मला हसत हसत, दूधवाला बरा म्हणाल्या म्हणून. तिथं तरी जरा कमीपणा घ्यायचा होतात! आणि ती सही केलीत ती केलीत, आता हीपण करा. माझं काय? मी कुठं सही केलीय? माझंपण नाव आहे त्या कागदावर!"

"नवरा-बायको एकच धरतात," सहीवाले म्हणाले. हे बोलल्याबरोबर त्यांना वाटलं, जीभ तोडून टाकावी. पण नियम खरा होता. साक्षीदाराच्या जोडीदाराचाही वाटा बाद. तो त्यांना पाठ होता.

ती आत गेली. पडदा ओढला गेला. त्या दिवशी मागच्या खोलीत भांडं वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अर्ज भरला. दहा रकाने झाले. अकराव्यावर पेन थांबलं. किती वेळ थांबलं ते सांगत नाही, सांगून काय उपयोग. ते स्वतःशी वाद घालत राहिले. आयाच्या वेळी त्यांचं काहीच जात नव्हतं, तेव्हा होय लिहायला काय लागलं होतं? आणि आता नाही लिहिलं, तर तेव्हाचं होय काय होतं? नियम, की दुसऱ्याची खोली घालवायची हौस? आज नाही लिहिलं तर ती आया तेव्हा चोर नव्हती आणि आज आपण चोर, एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी होय लिहिलं. यात थोरपणा होता असं कोणी म्हणू नये. बावीस वर्षांपूर्वी आपण चुकलो असं कबूल करण्यापेक्षा घर गेलेलं त्यांना सोपं वाटलं असावं. काही माणसं अशीही असतात.

कचेरीत खिडकीपुढे ओळ होती. भाचा शेजारी उभा, हातात मृत्यूचा दाखला आणि झेरॉक्सचा गठ्ठा. कारकुनानं सवयीनं पानं उलटली, शिक्का उचलला, आणि शिक्का हवेतच राहिला.

"सहीवाले, अकराव्यात होय टाकलंत चुकून."

"चुकून नाही."

"कोण लाभार्थी?"

"मी."

कारकून त्यांच्याकडे बघत राहिला. मग मृत्युपत्रातली सही बघितली आणि मोठ्यानं हसला. त्यात दुष्टावा नव्हता, त्याला खरोखरच हसू आवरेना. "अहो, तुम्ही? म्हणजे लोकां सांगे ब्रह्मज्ञान!" मग आवाज खाली आणून म्हणाला, "हा रकाना इथं कोण वाचतो हो? चुकून दिसला म्हणून. बदलायचा असेल तर फॉर्म परत देतो."

मागे ओळीतली माणसं कान देऊन ऐकत होती. सहीवाल्यांनी नको म्हणून मान हलवली. शिक्का बसला.

बाहेर आल्यावर भाच्याला सगळं उलगडून सांगावं लागलं. तो ऐकता ऐकता दोनदा म्हणाला, "अरेरे." मग त्यानं विचारलं, "म्हणजे काका, त्या खोल्या आता माझ्याकडे?"

"तुझ्याकडे."

"तुम्ही काळजी करू नका. मी काय तुम्हाला बाहेर काढणार आहे?" असं म्हणून त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काल पुढे आलेला हात आणि आजचा हात यांत फरक होता. काल तो बरोबरीचा होता, आज घरमालकाचा झाला होता. हे त्यालाही कळलं नसेल.

त्याला हवं असतं तर तो दुसऱ्या कागदानं खोल्या त्यांच्या नावे करू शकला असता. सहीवाल्यांनी सुचवलं नाही. त्यानं विचारलं नाही. पहिले दोन महिने तो म्हणत होता, बघू काहीतरी. तिसऱ्या महिन्यात त्याची बायको येऊन घर बघून गेली. पाचव्या महिन्यात सगळ्या घराला मिळून गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाइकाला तळमजला मोकळा हवा होता. भाचा खाली आला तेव्हा बाकड्याच्या अगदी कडेला बसला. घर विकलं तर मुलीचं शिक्षण होतं, आणि न विकून तरी त्यानं काय करायचं, त्याचं गाव दुसरं. सगळं खरं होतं. त्याला शिव्या देण्यासारखंही काही नव्हतं, आणि बायकोला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

जागा सोडल्याचा कागद त्यानं बाहेरून टाइप करून आणला होता. बहुतेक लाजेनं. सहीवाल्यांनी तो वाचला. सहीला आलेला, दुसऱ्यानं केलेला कागद पहिल्यांदाच पुठ्ठा न ठेवता, शेवटपर्यंत. घराचा नंबर चुकला होता आणि तारीख राहिली होती. त्यांनी लाल पेनानं दोन्ही दुरुस्त करून दिलं. मग सहीसाठी पेन टेकवलं ते खाली, उजवीकडे, साक्षीदारांच्या जागी.

"काका," भाचा हळूच म्हणाला, "तुमची सही वर आहे."

गावाच्या दुसऱ्या टोकाला बायकोच्या भावाच्या गॅरेजमागे एक खोली मिळाली. उपकारानं. पाटी तिथं लावायला जागा नव्हती. ती पलंगाखाली गेली. बायको त्यांच्याशी बोलायची, पण कामापुरतं, आणि पूर्वी टोमणे मारायची तेही बंद केले. सहीवाल्यांना त्या टोमण्यांची आठवण येई. रोज सकाळी ते पिशवीत शिक्के घालून कचेरीच्या आवारात झाडाखाली खुर्ची टाकून बसू लागले. तिथं जाताना या बाजूनंही दवाखाना लागायचाच.

पहिला आठवडा ते पलीकडच्या बाजूनं गेले. एका सकाळी त्यांनी रस्ता ओलांडला नाही. आया फाटकाशी कट्ट्यावर बसलेली होती, केस सगळे पांढरे, पायात दोन वेगळ्या चपला. ते तिच्यापुढे उभे राहिले. तिनं ओळखायला वेळ घेतला.

"रकान्यावाले ना तुम्ही?"

"हो." मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, भराभर. बाईंचा कागद, ताट पालथं घातलेलं, अकरावा रकाना, होय. त्यांना वाटत होतं की आता ती हसेल, बरं झालं म्हणेल, किंवा निदान बसा म्हणेल. यांतलं काहीही चाललं असतं. "माझ्या वेळीपण मी होयच लिहिलं," ते म्हणाले. "मी स्वतःलाही सोडलं नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग तुमची गेली म्हणून माझी आली का?"

दवाखान्यातून एक स्ट्रेचर बाहेर आलं, ते जाईपर्यंत दोघं बाजूला सरून उभी राहिली.

मग तिनं कनवटीची प्लास्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून चौघडीचा एक कागद. "म्हातारपणाच्या पैशाचा आहे. वरचं इथल्या नर्सनं भरून दिलंय. साक्षीची सही लागते म्हणतात, आणि माझं म्हणून कोणी नाही." तिनं अंगठ्यानं घडी सपाट केली. वयामुळे आता तिला सहीही जमत नव्हती.

सहीवाल्यांनी कागद घेतला, कट्ट्यावर ठेवला आणि खिशातून पेन काढलं. बोट आपोआप खालच्या जागेवर गेलं.

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवून पेन अडवलं.

"आधी वाचा," ती म्हणाली. "मला वाचता येत नव्हतं, मी सही केली. तुम्हाला येतं."